बाँड आर्म्सचं डेरिंजर: दिसायला झकास, पण रोज जवळ बाळगायला?

आधीच सांगते, हा रिव्ह्यू टेक्ससमधे राहून, इथल्या कायद्याच्या आणि इथल्या दुकानांच्या हिशोबाने लिहितेय. त्यामुळे पुण्यात नाहीतर सांगलीत बसून "ताई कुठे मिळेल" असं कृपया विचारू नका. भारतात आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चा आहे, लायसन्सशिवाय काही नाही, आणि लायसन्स असलं तरी ९ मिमी आणि .४५ या मापाची (म्हणजे गोळीच्या जाडीची) पिस्तुलं सामान्य माणसाला मिळत नाहीत, तिकडे बहुतेक .३२ वरच भागवावं लागतं. कानपूरच्या कारखान्याचं 'निर्भीक' रिव्हॉल्वर २०१४ मधे खास बायकांसाठी म्हणून आलं होतं ते .३२ चं, अर्ध्या किलोचं. तो वेगळा विषय आहे.

तर विषय आहे डेरिंजर. आमच्या इथे मंडळातले एक काका आहेत, वय सत्तरीच्या पुढे, त्यांनी गन शोमधून बाँड आर्म्सचं स्नेक स्लेअर घेतलं आणि तेव्हापासून प्रत्येक पॉटलकला तोच विषय. "अगं एवढंसं आहे, पर्समधे बसतं, तू रात्री फार्मसी बंद करून एकटी निघतेस, घेऊन टाक." नवऱ्यालाही पटलं, कारण त्याला काहीही चकचकीत दाखवलं की पटतंच. मी म्हटलं आधी चालवून तर बघू. म्हणून काकांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन त्यांचं स्नेक स्लेअर चालवलं आणि रेंजवर भाड्याने मिळतं ते बाँडचंच रफनेक, ९ मिमीचं, तेही चालवलं. खाली जे आहे ते या दोघांबद्दल आणि एकूणच डेरिंजर हा प्रकार स्वसंरक्षणासाठी रोज जवळ बाळगायला कितपत कामाचा त्याबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डेरिंजर म्हणजे अगदी आखूड नळीचं छोटं पिस्तूल. मॅगझिन (मुठीत सरकवायची गोळ्यांची पेटी) नाही, स्लाइड (गोळी सुटली की मागेपुढे सरकणारा वरचा भाग) नाही, फिरणारं सिलिंडर नाही. आजकालच्यात बहुतेक दोन नळ्या एकावर एक, प्रत्येकीत एक काडतूस, म्हणजे एकूण दोन गोळ्या. घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) अंगठ्याने मागे ओढायचा, ट्रिगर दाबायचा, एक गोळी सुटते. परत घोडा ओढायचा, परत दाबायचा, दुसरी सुटते. संपलं. मग खिटी दाबून नळ्या वर उचलायच्या, रिकाम्या पुंगळ्या काढायच्या, नव्या भरायच्या.

नाव आलं हेन्री डेरिंजर या फिलाडेल्फियाच्या बंदूक बनवणाऱ्यावरून. त्याची पिस्तुलं एकच गोळीची, पुढून दारू भरायची. लिंकनला १४ एप्रिल १८६५ ला फोर्ड्स थिएटरमधे जॉन विल्क्स बूथने गोळी घातली ती याच डेरिंजरने. आईबाबा इकडे आलेले तेव्हा सगळे नेतात तसं आम्हीही वॉशिंग्टन डीसीला नेलं होतं, तिथे त्या थिएटरच्या म्युझियममधे ते पिस्तूल काचेत ठेवलंय, तळहातात मावेल एवढंच आहे. आता त्या रात्री पुढे काय झालं ते बघा, कारण या सगळ्या रिव्ह्यूचं सार तिथेच आहे. बूथने एक गोळी झाडली, शेजारी बसलेला मेजर रॅथबोन त्याच्यावर धावून आला, आणि बूथला सुरा काढावा लागला, कारण पिस्तुलात आता काहीच नव्हतं. मागून गुपचूप जाऊन एका माणसाला मारायचं असेल तर एक गोळी पुरते. पण आपण स्वसंरक्षणाचं बोलतोय ना, आपल्यावर कोण, कुठून, किती जण येणार हे आपण ठरवत नाही.

नंतर रेमिंग्टनने १८६६ पासून दोन नळ्यांचं डेरिंजर काढलं ते थेट १९३५ पर्यंत बनत होतं, दीड लाखाच्या आसपास विकली गेली. जुगारी, वेस्टर्न सिनेमातल्या बायकांच्या मोज्यात लपवलेलं वगैरे जे आपण बघतो ते हेच. त्यातली .४१ ची गोळी इतकी हळू, सेकंदाला सव्वाचारशे फुटांच्या आसपास, की आजची साधी .२२ सुद्धा तिच्यापुढे पळते. तेव्हा लोक घ्यायचे कारण तेव्हा खिशात बसेल असं दुसरं फारसं काही नव्हतंच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बाँड आर्म्स. कंपनी आमच्याच टेक्ससमधली, ग्रॅनबरी गावातली, १९९५ पासून आहे. आणि बनावटीबद्दल बोलायचं तर खोट काढायला जागाच नाही. सगळं स्टेनलेस स्टील. नळ्या बंद करताना जो आवाज येतो ना, गोदरेजच्या जुन्या कपाटाचं दार लावल्यासारखा, तिथेच माणूस अर्धा विकत घेऊन मोकळा होतो. स्नेक स्लेअरची रोजवुडची लांब मूठ हातात इतकी छान बसते की ठेवावंसं वाटत नाही. नळ्या बदलता येतात, म्हणजे एकच फ्रेम घ्यायची आणि .४५/.४१० च्या नळ्या काढून ९ मिमीच्या नाहीतर .३८/.३५७ च्या लावायच्या, एका स्क्रूचं काम आहे. आडवी सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून खटका आहे. घोडा आदळून परत मागे सरकतो, म्हणजे हातातून पडलं तर काडतुसावर आदळणाऱ्या पिनवर दाब राहत नाही. स्वस्तातली जुनी डेरिंजर्स जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्यात ही सोय नसते आणि ती भरून खिशात ठेवणं म्हणजे खरंच धोका. बाँडचं तसं नाही. मी हे मुद्दाम लिहितेय कारण पुढे मी जे बोलणार आहे ते कंपनीच्या कारागिरीवर नाहीये. वस्तू उत्तम आहे. प्रश्न ती कशासाठी घ्यायची हा आहे.

चालवायला घेतल्यावर पहिली गोष्ट कळते ती ट्रिगर. एकतर तो साधारण सात पाउंड, म्हणजे तीन किलोच्या पुढे ओढ लागते, आणि तो सरळ मागे येत नाही. त्याची रचना अशी आहे की खाली आणि मागे असा तिरका दाबावा लागतो. ज्यांनी फक्त नेहमीची पिस्तुलं चालवलीयत ते सरळ मागे ओढतात, मग ट्रिगर आणखीनच जड लागतो आणि नळीचं तोंड खाली झुकतं. काका म्हणाले, "खाली दाब गं, खाली, वरच्या मजल्यावरून खाली आल्यासारखा." शिकता येतं हो, रेंजवर शांतपणे उभं राहून कोणालाही जमेल. पण अंधाऱ्या पार्किंगमधे हात थरथरत असताना शरीर जुन्याच सवयीने वागतं.

दुसरी गोष्ट घोडा. प्रत्येक गोळीला अंगठ्याने घोडा चढवायचाच, त्याशिवाय काही होत नाही. म्हणजे क्रम बघा: पर्समधून किंवा होल्स्टरमधून (पिस्तुलाच्या म्यानातून) काढा, सेफ्टी लावलेली असेल तर ढकला, घोडा चढवा, नेम, तिरका दाब. हे सगळं एका हाताने करायचं झालं तर मूठ सैल करून अंगठा वर न्यावा लागतो आणि परत पकड घ्यावी लागते. लहान हाताच्या बाईला हे दिसतं तेवढं सोपं नाही. डेनिस ट्युलर नावाच्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस सार्जंटने १९८३ मधे लिहून ठेवलंय की एकवीस फुटांवरून चाकू घेऊन धावणारा माणूस दीड सेकंदात अंगावर पोचतो. एकवीस फूट म्हणजे सात यार्ड, म्हणजे तुमच्या गाडीपासून शेजारच्या रांगेतल्या गाडीपलीकडे जेमतेम. त्या दीड सेकंदात वरचा क्रम बसवून बघा. घरी, रिकाम्या पिस्तुलाने, दोनदा तीनदा तपासून, मग बघा, कळेल.

आणि घोडा चढवलाय पण गोळी मारायची वेळच आली नाही, समोरचा पळाला, तर? (बहुतेक वेळा तसंच व्हावं अशी आपली इच्छा असते.) तर मग भरलेल्या नळीवरचा चढलेला घोडा अंगठ्याने धरून, ट्रिगर दाबून, हळूच खाली आणायचा. थरथरत्या, घामेजल्या हाताने. या एका कारणासाठीसुद्धा मी नवख्या माणसाला हे देणार नाही.

रिकॉइलबद्दल, म्हणजे गोळी सुटल्यावर बसणाऱ्या धक्क्याबद्दल, लोक फार बोलतात म्हणून थोडं. ९ मिमीचं रफनेक साधारण सव्वासहाशे ग्रॅम भरतं, वजन बरं आहे, पण सेमी ऑटोमधे (नेहमीचं मॅगझिनवालं पिस्तूल) जी स्लाइड आणि स्प्रिंग थोडा धक्का खाते ती इथे नाही, सगळं थेट तळहातात येतं. त्यात वरची नळी हातापासून बरीच उंच, म्हणून ती सुटली की पिस्तूल जास्त उसळतं आणि खालची सुटली की कमी. दोन गोळ्या, दोन वेगवेगळे धक्के, आणि दोन्ही नळ्यांचा मार एकाच ठिकाणी लागेल असंही नाही, दोन नळ्यांच्या कुठल्याही आखूड पिस्तुलाचं हे दुखणं आहे. जवळच्या अंतरावर चालून जातं, सात यार्डांवर फरक दिसायला लागतो. .४५ कोल्ट भरून काकांचं चालवल्यावर माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात जे काय झणझणलं ते घरी येऊन कणीक मळताना पण जाणवत होतं. काका मजेत होते. काकांना मजा येते म्हणूनच तर त्यांनी घेतलंय, ते मी समजू शकते. आणखी एक, नळी इतकी आखूड आहे की दुसऱ्या हाताची बोटं नकळत तोंडापुढे जायला वेळ लागत नाही. नवीन माणसाला चालवायला देताना याकडे आधी बघा.

आता त्या .४१० बद्दल, कारण दुकानदार याच्यावरच विकतात. "छर्‍याचं काडतूस आहे मॅम, नेम धरायलाच नको, समोर रोखा आणि दाबा." हे साफ चूक. .४१० म्हणजे शॉटगनमधलं सगळ्यात बारकं काडतूस, आणि ते इथे लांब नळीतून नाही तर साडेतीन इंचांतून सुटतंय. त्यात भर म्हणजे नळीला आतून आटे आहेत. आटे असायलाच लागतात, कारण बिनआट्याच्या नळीचं पिस्तूल केलं तर ते फेडरल कायद्यात वेगळ्याच वर्गात जातं आणि त्याची वेगळी नोंदणी करावी लागते. आटे छर्‍यांना गरगर फिरवतात, त्यामुळे बारीक छरे थोड्याच फुटांत पांगतात. जमिनीवरच्या सापाला ते मस्त, नावच स्नेक स्लेअर आहे. माणसाला बारीक छर्‍याने चामडी सोलली जाईल, तो भडकेल, थांबेलच असं नाही. मोठे बकशॉटचे छरे बरे, पण अडीच इंची काडतुसात ते असून असून चार, आणि ते पण पांगतात. आता इथे कायद्याचा आणि नीतीचाही मुद्दा येतो, तुमच्या नळीतून जे बाहेर पडलं त्या प्रत्येक छर्‍याला तुम्ही जबाबदार आहात, मागे कोणाचं पोर उभं असेल तर काय? म्हणून .४१० ला "नेम नको" म्हणून विकणारा दिसला की तिथून निघा.

दोन गोळ्या संपल्या की काय हा प्रश्न विचारला तर काका म्हणतात, "दोनात काम झालं नाही तर तसंही काही खरं नाही." हे वाक्य ऐकायला भारी आहे पण त्याला आधार काय? ताण असताना गोळ्या चुकतात, पोलिसांच्या सुद्धा चुकतात. आणि परत भरणं, बाप रे. .४५ कोल्ट किंवा .३८ असेल तर पुंगळीला कडा असते, नळ्या उघडल्या की एक्स्ट्रॅक्टर त्या थोड्या वर उचलतो. पण ९ मिमी, .४० आणि .४५ एसीपीच्या नळ्यांना तो नाहीच, पुंगळी नखाने उकरून काढायची. रेंजवर मी नखं खराब केली आणि शेवटी काकांनी खिशातून पेन्सिल काढून दिली, ते म्हणे कायम ठेवतात. तुम्ही पण ठेवा पर्समधे, हल्लेखोराला म्हणावं थांब जरा.

बरं, एवढं सगळं सोसून मिळतं काय, तर "छोटं आहे". खरंच छोटं आहे का? इथे मी अक्षरशः आकडे घेऊन बसले, कारण नवरा ऐकेना. स्नेक स्लेअर साडेपाच इंच लांब, सव्वासहाशे ग्रॅम, गोळ्या दोन. रुगर एलसीपी पाच इंचांच्या जरासंच पुढे, पाऊण इंचाहून थोडं जाड, वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आत, .३८० च्या सहा अधिक एक (मॅगझिनमधे सहा, नळीत एक) अशा सात गोळ्या. त्याचंच पुढचं एलसीपी मॅक्स, २०२१ चं, तीनशे ग्रॅमला दहा अधिक एक. सिग पी३६५, २०१८ मधे आलं आणि या आकाराच्या पिस्तुलांचा सगळा बाजारच त्याने उलटापालटा केला, अर्धा किलो, ९ मिमीच्या दहा अधिक एक. स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्वर, चारशे ग्रॅमच्या आसपास, पाच गोळ्या, घोडा आत झाकलेला त्यामुळे कापडात अडकत नाही. म्हणजे डेरिंजर या सगळ्यांपेक्षा जड, गोळ्या सगळ्यात कमी, चालवायला सगळ्यात कठीण. बाँडचंच स्टिंगर हलकं आहे, साडेतीनशे ग्रॅमच्या आत, सडपातळ पण आहे, पण तिथेही गोळ्या दोनच आणि हलकं म्हणजे धक्का जास्त. १८६६ मधे खिशात बसणारं दुसरं फारसं काही नव्हतं म्हणून डेरिंजर होतं. आता दुकानात काचेखाली ओळीने दहा पर्याय पडलेत.

किमतीचं म्हणाल तर रफनेक तीनशे डॉलरच्या आसपास येतं, स्नेक स्लेअर त्याच्या जवळजवळ दुप्पट. एलसीपी तीनशेच्या आतबाहेर. स्वस्त पडतं म्हणून डेरिंजर असंही म्हणता येत नाही. वर .४१० आणि .४५ कोल्टची काडतुसं ९ मिमीपेक्षा चांगलीच महाग, म्हणजे सराव कमी होणार, आणि ज्याला सगळ्यात जास्त सराव लागतो त्याचाच.

काकांची एक बाजू मात्र मला खरंच पटली आणि ती इथे नीट मांडायला हवी. त्यांच्या बोटांना संधिवात आहे. सेमी ऑटोची स्लाइड मागे ओढताना त्यांची बोटं सरकतात, स्प्रिंग कडक असते. डेरिंजरला स्लाइडच नाही. नळ्या उघडा, काडतूस ठेवा, बंद करा. भरलंय की नाही हे डोळ्याने दिसतं. जाम व्हायला आत काही हलतच नाही, काडतूस फुसकं निघालं तर परत घोडा चढवा, दुसरी नळी आहेच. अंगाला टेकवून झाडलं तरी स्लाइड मागे ढकलली गेल्यामुळे बंद पडायचा प्रश्न नाही. हे सगळं बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसांना, मनगट दुखणाऱ्या बायकांना दुकानदार हेच सांगतात आणि ते अर्धं खरं असल्यामुळे खपतं.

उरलेलं अर्धं असं की ज्या बोटांना स्लाइड ओढवत नाही त्या बोटांना तो घोडा आणि तो तिरका सात पाउंडी ट्रिगर ओढवतो का? मी काकांना रेंजवर बघत होते. पहिल्या दोन गोळ्या छान. नंतर घोडा चढवताना अंगठा घसरायला लागला, दोन्ही अंगठे लावायला लागले, मधेच हात झटकून घेत होते. म्हटलं, "काका, दुखतंय ना?" म्हणाले, "छे गं, थंडी आहे." बाहेर शंभर डिग्री फॅरनहाइट! मग त्यांना भाड्याने स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी घेऊन दिलं, .३८० चं, २०१८ मधे खास याच लोकांसाठी काढलेलं, स्लाइड मऊ, मॅगझिनला बाजूला बटण असतं ते दाबून गोळ्या भरायच्या, आठ अधिक एक. स्लाइड ओढायची पद्धत पण तिथल्या बाईंनी दाखवली, नुसतं हाताने मागे खेचायचं नाही, एका हाताने स्लाइड घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलायची. काकांनी ओढली. सगळं मॅगझिन एका गठ्ठ्यात बसलं, बशीएवढ्या जागेत. काका काही बोलले नाहीत, फक्त टार्गेटचा कागद गुंडाळून गाडीत ठेवला, काकूंना दाखवायला असणार.

आता पर्स. मंडळातल्या बऱ्याच जणींचा हाच विचार असतो, छोटंसं काहीतरी घेऊ आणि पर्समधे टाकू, म्हणून यावर जरा कडक बोलते. पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, शॉपिंग कार्टमधे ठेवतो, पोरं त्यात चॉकलेट शोधतात. डिसेंबर २०१४ मधे आयडाहो राज्यात हेडन गावच्या वॉलमार्टमधे दोन वर्षांच्या मुलाने कार्टमधे बसल्या बसल्या आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि त्याच्या हातून आई गेली. ती बाई काही अडाणी नव्हती, परवाना होता, सवय होती. डेरिंजरचा घोडा लहान मुलाला चढवता येणार नाही म्हणून ते पर्ससाठी सुरक्षित असंही मी ऐकलंय. पाच वर्षांच्या पोराला दोन हातांनी काय काय करता येतं हे ज्यांच्या घरी पोर आहे त्यांना सांगायला नको. आणि चोर आधी काय ओढतो? पर्सच ना. तुमचं शस्त्र त्याच्या हातात. अंगावर, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमधे ठेवता येत असेल तर ठेवा, नाहीतर राहू द्या. बाँडचं चामड्याचं ड्रायव्हिंग होल्स्टर मात्र छान आहे, गाडीत बसून आडव्या हाताने काढता येतं. तेवढं एक मी पूर्ण मार्क देऊन टाकते.

इथल्या आपल्या लोकांसाठी दोन तीन गोष्टी, कारण रेंजवर आणि मंडळात हेच प्रश्न येतात. एच-वन-बी किंवा एच-फोर व्हिसावर असाल तर साधारणपणे पिस्तूल विकत घेता येत नाही आणि जवळ बाळगताही येत नाही, फेडरल कायदा आहे, टेक्ससचा मोकळेपणा तिथे कामाला येत नाही. शिकारीचं लायसन्स असेल तर एक अपवाद आहे पण तो वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका, व्हिसा घालवून बसाल. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो. टेक्ससमधे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांच्या वरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही बाळगता येतं, तरी मी एलटीसी (टेक्ससचा पिस्तूल बाळगायचा परवाना) काढाच म्हणेन. एक कारण म्हणजे शाळेच्या हजार फुटांच्या आतून रस्त्याने जाताना फेडरल कायद्यात राज्याचा परवाना असलेल्याला सूट आहे, बिनपरवान्याला नाही, आणि आपल्या सबर्बमधे हजार फुटांवर शाळा नाही असा रस्ता दाखवा. दुसरं म्हणजे त्या निमित्ताने परीक्षा होते, पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ लागतात. ती परीक्षा डेरिंजरने द्यायचा विचार करून बघा, हसू येईल.

आणि हो, गणपती. आपले गणपती, दिवाळी, मराठी शाळा सगळं बहुतेक शाळांच्या ऑडिटोरियममधे असतं भाड्याने घेतलेल्या. शाळेच्या इमारतीत नाही म्हणजे नाही, परवाना असला तरी नाही. एकदा एक गृहस्थ आरतीच्या रांगेत "माझ्याकडे आहे बरं का" असं कौतुकाने सांगत होते, त्यांना बाजूला घेऊन सांगावं लागलं. कॅलिफोर्नियावाल्यांना तर .४१० चं डेरिंजर घेताच येत नाही, तिकडे ते आखूड शॉटगनमधे धरतात, त्यामुळे बे एरियातल्या भाच्याला भेट वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका.

मग घ्यावं कोणी? ज्याच्याकडे आधीच रोजचं एक नीट पिस्तूल आहे, त्याची सवय आहे, आणि वर हौस म्हणून, किंवा रँचवर बूट घालून फिरताना सापासाठी म्हणून हवंय, त्याने जरूर घ्यावं, आणि घ्यायचं तर बाँडचंच घ्यावं, स्वस्तातलं मिश्रधातूचं नको. लांब मूठवालं मॉडेल घ्या, बारकी मूठ दिसायला गोड असते पण करंगळीला जागा नसते आणि धक्का सगळा दोन बोटांवर. आधी .३८ च्या नळ्या लावून शिका, पुंगळ्या पण निघतात आणि हात पण शाबूत राहतो, .४५ कोल्ट नंतर. पहिलंच आणि एकमेव पिस्तूल म्हणून, त्यातून माझ्यासारखी एकटी रात्री गाडीपर्यंत चालत जाणारी बाई असेल तर, अजिबात नाही. मी पी३६५ बुक केलंय, नवरा अजून "पण ते किती छान दिसत होतं" यावरच अडकलाय.

बनावट पाचपैकी पाच. हौस म्हणून चार. रोज जवळ बाळगायला दीड, आणि त्यातला अर्धा त्या होल्स्टरचा. टेक्ससमधे कोणाला घेण्याआधी चालवून बघायचं असेल तर मोठ्या रेंजवर विचारा, बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतं, पण जाताना स्वतःची जास्तीची काडतुसं नेऊ नका, भाड्याच्या पिस्तुलात बहुतेक ठिकाणी त्यांचीच वापरावी लागतात, आणि नखं कापून जा.